पायांच्या रक्तपुरवठ्याची डॉप्लर तपासणी

पायांच्या रक्तपुरवठ्याची डॉप्लर तपासणी ही श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने पायांतील रक्तवाहिन्यांमधून वाहणाऱ्या रक्ताचा वेग, दिशा आणि मार्गातील अडथळे जाणून घेण्याची वैद्यकीय पद्धत आहे. व्यवहारात तिला ‘पायाचा डॉप्लर’ किंवा ‘कलर डॉप्लर’ असे म्हणतात. या तपासणीत सुई टोचावी लागत नाही, शिरेतून रंगद्रव्य द्यावे लागत नाही आणि क्ष-किरणांचाही वापर होत नाही. त्यामुळे ती रुग्णाच्या खाटेजवळ करता येते व आवश्यकतेनुसार अनेक वेळा करता येते. चालताना पोटरी दुखणे, पायावरील जखम न भरणे, मधुमेही रुग्णाचे पाऊल काळे पडू लागणे, पायाला अचानक थंडपणा व बधिरता येणे अशा लक्षणांत पावलापर्यंत पुरेसे रक्त पोहोचते की नाही, हा पहिला प्रश्न असतो. जखमेची शस्त्रक्रिया, दाबपट्टी किंवा अवयवच्छेदन यांसंबंधीचे निर्णय या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

## पार्श्वभूमी

हृदयातून निघालेले रक्त महाधमनीतून पोटात येते. तेथे तिच्या दोन शाखा होतात आणि त्या जांघेतील फिमोरल धमनी, गुडघ्यामागील पॉप्लिटियल धमनी व पोटरीतील तीन धमन्या या मार्गाने पावलापर्यंत रक्त पोहोचवतात. यांपैकी एक धमनी घोट्याच्या आतील बाजूने तळपायाकडे जाते. दुसरी पावलाच्या वरच्या पृष्ठभागावर येते. या दोन ठिकाणी निरोगी माणसाची नाडी बहुधा बोटांनी जाणवते.

वाढते वय, तंबाखू, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांमुळे धमन्यांच्या आतील बाजूस मेदयुक्त थर साचतात व मार्ग अरुंद होतो. या विकाराला परिघीय धमनी विकार म्हणतात. एका जागतिक अंदाजानुसार २०१५ साली सुमारे २३ कोटी ६० लाख प्रौढ व्यक्तींना हा विकार होता. आरंभी अनेक रुग्णांना काहीच त्रास होत नाही. पुढे ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो आणि थांबल्यावर काही मिनिटांत वेदना थांबते. विकार वाढल्यास रात्री अंथरुणावर पडल्यावर पाऊल दुखते, पाय खाटेखाली लोंबकळत सोडल्यावर थोडा आराम पडतो, आणि शेवटी बोटांवर जखमा किंवा कोथ दिसू लागतो. ज्यांच्या पायांतील धमन्या अरुंद झाल्या आहेत त्यांच्या हृदयाच्या व मेंदूच्या धमन्यांतही तोच विकार असण्याचा संभव मोठा असतो. त्यामुळे पायाच्या तपासणीतून हृदयविकार व पक्षाघात यांच्या धोक्याचीही सूचना मिळते.

## इतिहास

ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये प्राग येथे वाचलेल्या निबंधात असे मांडले की, लहरींचा उगम आणि निरीक्षक यांच्यात सापेक्ष गती असेल तर निरीक्षकाला जाणवणारी वारंवारता बदलते. त्यांचे विवेचन ताऱ्यांच्या प्रकाशासंबंधी होते. १८४५ मध्ये डच शास्त्रज्ञ बॉयस बॅलट यांनी धावत्या आगगाडीवर वादक बसवून ध्वनीच्या बाबतीत हा परिणाम पडताळून पाहिला. जवळून जाणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा स्वर उतरल्यासारखा वाटतो, हे त्याचे परिचित उदाहरण होय.

वैद्यकात या तत्त्वाचा उपयोग होण्यास आणखी एक शतक लागले. जपानमधील ओसाका येथे शिगेओ सातोमुरा यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हृदयाची हालचाल व रक्तप्रवाह यांचा अभ्यास श्राव्यातीत डॉप्लरने केला. १९६० च्या दशकात अमेरिकेतील सिॲटल येथील शल्यचिकित्सक युजीन स्ट्रँडनेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी पायांच्या धमन्यांच्या विकारांत ही पद्धत वापरली. घोट्याजवळील रक्तदाब मोजण्याची कल्पना १९५० मध्ये ट्रॅव्हिस विन्सर यांनी मांडली होती. डॉप्लरमुळे ती सहज अमलात आणता येऊ लागली. १९७० च्या दशकात सिॲटलच्याच गटाने रक्तवाहिनीची प्रतिमा व रक्ताचा वेग एकत्र दाखवणारे ड्युप्लेक्स यंत्र विकसित केले. १९८० च्या दशकात प्रवाह रंगांत दाखवणारा कलर डॉप्लर वापरात आला.

## तत्त्व

मानवी कानाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. पायाच्या तपासणीत याहून शेकडो पट अधिक, म्हणजे साधारण २० लाख ते १ कोटी हर्ट्झ (२ ते १० मेगाहर्ट्झ) वारंवारतेच्या लहरी वापरतात. त्वचेवर ठेवलेल्या प्रोबमधून निघालेल्या लहरी वाहत्या तांबड्या पेशींवर आदळून परत येतात. रक्त प्रोबच्या दिशेने येत असेल तर परतलेल्या लहरींची वारंवारता वाढते आणि दूर जात असेल तर ती घटते. वारंवारतेतील हा फरक रक्ताच्या वेगाच्या व मूळ वारंवारतेच्या प्रमाणात असतो. तो लहर आणि प्रवाह यांमधील कोनावरही अवलंबून असतो.

उदाहरणार्थ, ८ मेगाहर्ट्झचा प्रोब धमनीशी ६० अंशांचा कोन करून धरला आणि रक्ताचा वेग सेकंदाला ५० सेंटीमीटर असला, तर शरीरातील ध्वनीचा वेग सेकंदाला १,५४० मीटर धरून वारंवारतेतील फरक सुमारे २,६०० हर्ट्झ येतो. हा फरक कानाला ऐकू येण्याच्या मर्यादेत आहे. म्हणूनच पडदा नसलेल्या साध्या यंत्रातूनही रक्तप्रवाहाचा आवाज थेट ऐकता येतो. प्रोब धमनीला काटकोनात धरल्यास मात्र हा फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि रक्त वाहत असूनही ते थांबल्यासारखे भासते. कोन ६० अंशांपेक्षा मोठा झाल्यास वेगाच्या मापनातील चूक झपाट्याने वाढते. म्हणून मापन करताना कोन ६० अंश किंवा त्याहून कमी ठेवतात.

त्वचा व प्रोब यांच्यामध्ये हवा राहिल्यास लहरी तेथूनच परततात. ते टाळण्यासाठी जेल लावतात.

## तपासणीचे प्रकार

### हातात धरण्याचा डॉप्लर

हे पेनसारखा प्रोब व छोटा ध्वनिक्षेपक असलेले, बॅटरीवर चालणारे यंत्र असते. ते प्रतिमा दाखवत नाही, केवळ आवाज ऐकवते. काही यंत्रांत प्रवाहाचा आलेखही दिसतो. सुजलेल्या किंवा जाड त्वचेच्या पायावर बोटांना नाडी लागत नाही, तेथे या यंत्राने ती शोधता येते. मात्र आवाज ऐकू आला म्हणजे रक्तपुरवठा पुरेसा आहे, असे म्हणता येत नाही. अडथळ्याच्या पलीकडे आडवाटांनी पोहोचणाऱ्या क्षीण प्रवाहाचाही आवाज येतो. त्यामुळे आवाजाचे स्वरूप आणि त्या ठिकाणचा रक्तदाब या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात.

### घोटा-दंड निर्देशांक

रुग्णाला काही मिनिटे उताणे निजवून विश्रांती दिल्यानंतर दोन्ही दंडांचा व दोन्ही घोट्यांचा वरचा (आकुंचन) रक्तदाब मोजतात. घोट्याच्या वर रक्तदाबाची पट्टी बांधून ती फुगवली की डॉप्लरचा आवाज बंद होतो. हवा हळूहळू सोडताना ज्या दाबाला आवाज पुन्हा सुरू होतो तो त्या धमनीचा दाब होय. प्रत्येक पायाच्या दोन धमन्यांपैकी अधिक असलेल्या दाबाला दोन्ही दंडांपैकी अधिक असलेल्या दाबाने भागल्यावर त्या पायाचा निर्देशांक मिळतो. एखाद्या रुग्णाच्या दंडांतील दाब १४० व १३६ मिलिमीटर आणि उजव्या घोट्याजवळील दाब ८४ व ७० मिलिमीटर असल्यास उजव्या पायाचा निर्देशांक ८४ ÷ १४० = ०.६० येतो.

निर्देशांकाचा अर्थ सर्वसाधारणपणे असा लावतात:

- १.०० ते १.४० : सामान्य
- ०.९१ ते ०.९९ : सीमारेषेवर
- ०.९० किंवा कमी : धमनी विकार
- १.४० पेक्षा अधिक : धमनी कठीण झाल्याने मापन अविश्वसनीय

चालताना पाय दुखतो, पण विश्रांतीच्या वेळी निर्देशांक सामान्य येतो, अशा रुग्णाला चालत्या पट्ट्यावर चालवून किंवा उभ्याने टाचा वारंवार उचलायला लावून दाब पुन्हा मोजतात. निर्देशांक २० टक्क्यांहून अधिक उतरल्यास लपलेला अडथळा असल्याचे मानतात.

### अंगठ्याचा रक्तदाब

पायाच्या अंगठ्याला लहान पट्टी बांधून, प्रकाशावर चालणाऱ्या संवेदकाने किंवा डॉप्लरने हा दाब मोजतात. अंगठ्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागून आलेली संख्या ०.७० किंवा कमी असल्यास ती असामान्य समजली जाते. अंगठ्यातील दाब ३० मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास जखम भरून येण्याची शक्यता फार कमी असते आणि पाय गमावण्याचा धोका मोठा असतो.

### ड्युप्लेक्स व कलर डॉप्लर

सोनोग्राफी यंत्रावर धमनीची प्रतिमा पाहून पोटापासून पावलापर्यंत टप्प्याटप्प्याने वेग मोजला जातो. निरोगी प्रौढ व्यक्तीत मांडीतील धमनीत रक्ताचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ९० सेंटीमीटर आणि गुडघ्यामागे सुमारे ७० सेंटीमीटर असतो. नदीचे पात्र अरुंद झाले की तेथे पाण्याला ओढ येते, त्याप्रमाणे धमनी अरुंद झालेल्या जागी रक्ताचा वेग वाढतो. त्या जागेचा वेग लगतच्या वरच्या भागातील वेगाच्या दुप्पट किंवा अधिक असेल तर धमनी निम्म्याहून अधिक बुजली आहे, असे मानतात. चौपट झाल्यास अडथळा ७५ टक्क्यांच्या पुढे गेलेला असतो. धमनी पूर्ण बंद असल्यास प्रवाहच दिसत नाही.

कलर डॉप्लरमधील लाल व निळा रंग पाहून लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळे म्हणजे अशुद्ध रक्त असा समज होतो. प्रत्यक्षात हे रंग केवळ प्रवाहाची दिशा दाखवतात. प्रोबकडे येणारा प्रवाह बहुधा लाल आणि दूर जाणारा निळा दाखवतात. प्रोब तिरपा केल्यास तीच धमनी निळी दिसू शकते.

## प्रवाहाच्या आलेखाचे वाचन

विश्रांतीच्या स्थितीत पायाच्या निरोगी धमनीतील आलेखाचे तीन भाग असतात. हृदयाच्या आकुंचनाबरोबर प्रवाह वेगाने पुढे येतो, त्यानंतर क्षणभर मागे जातो आणि शेवटी पुन्हा थोडा पुढे येतो. यंत्रातून हे तुटक आणि टोकदार ठोके म्हणून ऐकू येतात. वरच्या बाजूस मोठा अडथळा असल्यास खालील प्रवाहातील मागे जाणारा भाग नाहीसा होतो, आलेखाचे टोक बोथट होते आणि चढ संथ होतो. आवाजही एकसुरी व वाऱ्याच्या मंद सुसाट्यासारखा होतो.

केवळ मागचा प्रवाह नाहीसा झाला म्हणून अडथळा आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. चालून आल्यानंतर किंवा पावलाला जंतुसंसर्ग झाल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्या प्रसरण पावतात व निरोगी धमनीतही मागचा प्रवाह दिसत नाही. अशा वेळी आलेखाचा चढ तीव्र असतो. अडथळ्यामुळे झालेल्या बदलात तो संथ असतो. याच कारणासाठी बाहेरून चालत आलेल्या रुग्णाची तपासणी लगेच न करता त्याला विश्रांती देतात.

## मधुमेही पाऊल आणि फसवा निर्देशांक

मधुमेह व मूत्रपिंडाचे जुने विकार यांमध्ये धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचून ती नळीसारखी कडक होते. घोट्याला बांधलेली पट्टी कितीही फुगवली तरी ती दबत नाही. दंडाचा दाब १४० मिलिमीटर आणि घोट्याचा २३० मिलिमीटर नोंदवला गेल्यास निर्देशांक १.६४ येतो, पण त्यावरून रक्तपुरवठा उत्तम आहे असे म्हणता येत नाही. याहून अधिक फसवी स्थिती म्हणजे अडथळ्यामुळे कमी झालेला दाब आणि कडकपणामुळे वाढलेले मापन यांचा परिणाम एकत्र होऊन निर्देशांक १.०० च्या आसपास, म्हणजे सामान्य दिसणे. बोटांच्या धमन्या तुलनेने कमी कडक होतात. म्हणून मधुमेही रुग्णात अंगठ्याचा दाब आणि आलेखाचे स्वरूप यांना अधिक महत्त्व देतात.

मधुमेहाने मज्जातंतू निकामी झाले असतील तर चालताना किंवा रात्री होणारी वेदनाही जाणवत नाही. काही वेळा असे पाऊल कोमट लागते आणि त्यामुळे रक्तपुरवठा चांगला असल्याचा भास होतो. अशा रुग्णात जखम हेच पहिले लक्षण असू शकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे पायाची नियमित तपासणी हा सार्वजनिक आरोग्याचा विषय ठरतो.

## तातडीची स्थिती

हृदयातून निघालेली गुठळी अडकून किंवा जुन्या अडथळ्यावर नवी गुठळी तयार होऊन पायाचा रक्तपुरवठा अचानक बंद पडू शकतो. पाय दुखतो, पांढरा व थंड पडतो, नाडी लागत नाही, आणि पुढे बधिरता व लुळेपणा येतो. अशा रुग्णात हातातील डॉप्लरने धमनी व नीला या दोन्हींचे आवाज ऐकतात. दोन्ही ऐकू येत असल्यास पायाला तात्काळ धोका नसतो. धमनीचा आवाज नाही पण नीलेचा आहे, अशा स्थितीत पाय धोक्यात असतो, मात्र त्वरित उपचारांनी वाचू शकतो. दोन्ही आवाज बंद असून पाय पूर्ण बधिर व लुळा असल्यास स्नायू व मज्जातंतूंची हानी बहुधा भरून न येणारी असते. पूर्ण बंद झालेल्या रक्तपुरवठ्यात साधारण सहा तासांनंतर ही हानी वाढत जाते. म्हणून सविस्तर प्रतिमांसाठी वाट पाहण्यापेक्षा रुग्णाला शल्यचिकित्सकाकडे त्वरित पोहोचवणे महत्त्वाचे असते.

## नीलांची तपासणी

पायाची जखम किंवा सूज प्रत्येक वेळी धमनीच्या विकारामुळेच येते असे नाही. खोल नीलेत गुठळी असल्यास प्रोबने दाब दिल्यावर ती नीला चपटी होत नाही. फुगलेल्या शिरांच्या (व्हेरिकोज व्हेन्स) विकारात झडपा निकामी होऊन रक्त खाली परतते. पोटरी दाबून सोडल्यावर वरवरच्या नीलेत उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदाहून अधिक टिकल्यास तो असामान्य समजतात. या विकारात होणाऱ्या घोट्याजवळील जखमांवर घट्ट दाबपट्टी हा मुख्य उपचार आहे. धमनीचा पुरवठा कमी असलेल्या पायाला तीच पट्टी बांधल्यास उरलेला प्रवाहही थांबू शकतो. म्हणून पट्टी बांधण्यापूर्वी घोटा-दंड निर्देशांक पाहतात. तो ०.८ किंवा अधिक असल्यास नेहमीचा दाब देता येतो. ०.५ पेक्षा कमी असल्यास दाबपट्टी टाळतात.

## नागपूर व विदर्भातील संदर्भ

नागपूर हे विदर्भाचे वैद्यकीय केंद्र आहे. १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ‘मेयो’ या जुन्या नावाने ओळखले जाणारे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, आणि २०१८ मध्ये पहिली तुकडी सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था या शहरात आहेत. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम व सावंगी येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश व छत्तीसगडच्या लगतच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण नागपूरला येतात. गडचिरोलीसारख्या जिल्ह्याच्या अंतर्भागातून येणाऱ्या रुग्णाचा प्रवासातच मोठा वेळ जातो. त्यामुळे पाय धोक्यात आहे हे गावाजवळच्या आरोग्य केंद्रात ओळखणे निर्णायक ठरते. हातातील डॉप्लर व रक्तदाबाची पट्टी एवढ्या साधनांनी हे बहुतेक वेळा शक्य असते.

या प्रदेशातील काही परिस्थितींत ही तपासणी विशेष उपयोगी पडते:

- तंबाखू : गोंदिया व भंडारा हा तेंदूपाने आणि विडी उद्योगाचा प्रदेश आहे. सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात सर्वत्र खाल्ला जातो. बर्गर रोग हा तंबाखूशी निगडित विकार प्रामुख्याने ४५-५० वर्षांखालील पुरुषांत आढळतो. त्यात मांडीतील मोठ्या धमन्या बहुधा मोकळ्या असतात, तर पोटरी व पावलातील लहान धमन्या बंद पडतात. डॉप्लरमध्ये बंद धमनीभोवती नागमोडी वळणाच्या आडवाटा दिसतात. तंबाखू पूर्णपणे सोडणे हाच रोग थांबवण्याचा खात्रीचा उपाय आहे.
- हत्तीरोग : विदर्भातील अनेक जिल्ह्यांत हत्तीरोगाचा प्रादुर्भाव राहिला आहे. सुजलेल्या, जाड त्वचेच्या पायात नाडी हाताला लागत नाही. सुजेवर दाबपट्टी बांधण्यापूर्वी धमनीचा प्रवाह डॉप्लरने पाहता येतो.
- सिकलसेल : या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण विदर्भात लक्षणीय आहे. काही रुग्णांना घोट्याजवळ चिवट जखमा होतात. त्यांत मोठ्या धमन्यांचा प्रवाह सहसा टिकून असतो. त्यामुळे या जखमा धमनी विकाराच्या जखमांपासून वेगळ्या ओळखता येतात.

## कायदेशीर बाबी

गर्भलिंगनिदानासाठी सोनोग्राफीचा गैरवापर रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वप्रथम, कायदा केला. १९९४ मध्ये केंद्रीय कायदा संमत झाला आणि २००३ मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. प्रतिमा दाखवणारी सोनोग्राफी यंत्रे व ती वापरणारी केंद्रे यांची या कायद्यान्वये नोंदणी करावी लागते. यंत्र केवळ पायांच्या रक्तवाहिन्यांसाठी वापरायचे असले तरी ही अट लागू राहते. यंत्र नोंदणीकृत जागेबाहेर नेण्यावरही निर्बंध आहेत. त्यामुळे गावोगावच्या शिबिरांत कलर डॉप्लर यंत्र सहजपणे नेता येत नाही. प्रतिमा न दाखवणाऱ्या हातातील डॉप्लरने प्राथमिक चाचणी करून निवडक रुग्णांना नोंदणीकृत केंद्राकडे पाठवणे सोयीचे ठरते.

## मर्यादा व पुढील तपासण्या

ड्युप्लेक्स तपासणी करणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते आणि दोन्ही पायांच्या संपूर्ण तपासणीस बराच वेळ लागतो. पोटातील वायू व स्थूलता यांमुळे पोटातील धमन्या नीट दिसत नाहीत. कॅल्शियमचे थर लहरी अडवतात व त्यांच्या सावलीत धमनी झाकली जाते. उघड्या जखमा, पट्ट्या व प्लास्टर यांमुळेही अडथळा येतो.

शस्त्रक्रिया किंवा फुग्याने धमनी रुंद करण्याचा (अँजिओप्लास्टी) विचार असल्यास सीटी, एमआर किंवा क्ष-किरण अँजिओग्राफी करतात. सीटी व क्ष-किरण अँजिओग्राफीत वापरले जाणारे आयोडिनयुक्त द्रव्य मूत्रपिंडाच्या रुग्णांना अपायकारक ठरू शकते. अशा रुग्णांत डॉप्लरचे महत्त्व वाढते. बायपास शस्त्रक्रियेपूर्वी जोडणीसाठी योग्य नीला निवडणे आणि शस्त्रक्रियेनंतर ती जोडणी मोकळी आहे की नाही याची पाहणी करणे, ही कामेही याच तपासणीने होतात.

## हे सुद्धा पहा

- डॉप्लर परिणाम
- सोनोग्राफी
- मधुमेह
- बर्गर रोग
- हत्तीरोग
- व्हेरिकोज व्हेन्स